जात्यावरचं वाचनालय

मागच्या वर्षी एका शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मला विचारलं, "तुमचं प्रेरणास्थान कोण?" टेबलापलीकडे तिघं बसले होते. प्रश्न नेहमीचाच होता आणि त्याची तयारी करूनच मुलं येतात, पण मी गप्प झाले. एक नाव घेतलं की बाकीचे राहून जाणार. शिवाय जे डोळ्यांसमोर येत होतं त्यातल्या निम्म्या गोष्टींना नावच नव्हतं. कुलूप लावलेलं एक लोखंडी कपाट, पुरात बुडालेला घाट आणि मूठभर शिशाचे खिळे. शेवटी "माझे आजोबा" असं सांगितलं आणि पुढचा प्रश्न आला.

उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. ते डोक्यातून जाईना. मी बावीस वर्षांची आहे, पुण्यात भूविज्ञानात एम. एस्सी. करते, आणि माझं गाव वाई. या उन्हाळ्यात परीक्षा संपल्यावर महिनाभर घरी राहिले. रोज वही घेऊन बाहेर पडायचे. आपण वाचायला कसे लागलो आणि आपल्याला दगडांचं वेड कुठून लागलं, हे त्या त्या जागी जाऊन बघायचं ठरवलं होतं.

सुरुवात घरातच झाली. आबा, म्हणजे माझे आजोबा, आता ऐंशीचे आहेत. वाईतल्या एका छोट्या छापखान्यात त्यांनी तीसेक वर्षं खिळे जुळवले. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कृष्णाबाईच्या उत्सवाची पत्रकं, काय येईल ते. ऑफसेट आलं तशी कामं आटली आणि छापखाना बंद झाला. मालकांनी टाइप भंगारात घालायला काढला तेव्हा आबांनी पगाराच्या बाकीत पैसे वळते करून एक पितळी स्टिक आणि डबाभर खिळे मागून घेतले. बॉर्नव्हिटाचा तो डबा अजून देवघराच्या वरच्या फळीवर आहे.

मला अक्षरओळख त्या डब्यातून झाली. शाळेत जायच्या आधी, दुपारी आई झोपली की आबा वर्तमानपत्र पसरायचे आणि त्यावर खिळे ओतायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. 'क' आरशातल्यासारखा दिसतो. काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. देवनागरीच्या जुळाऱ्याला इंग्रजीच्या जुळाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त खण पाठ असावे लागतात, हे आबा अभिमानाने सांगतात. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून डावीकडून लावत जायचा. अक्षरं डोक्यावर उभी. ओळ भरली की मध्ये फटी घालून ती घट्ट बसवायची. मी पहिल्यांदा माझं नाव जुळवलं तेव्हा आबांनी त्यावर बोटाने बुटांचं काळं पॉलिश लावलं आणि कागद दाबला. नाव सरळ उमटलं. मी चार वर्षांची होते असं आई म्हणते. तो कागद तिने जपून ठेवला आहे. त्यात एक काना राहून गेला आहे.

परवा तोच डबा पुन्हा उघडला. आता मला माहीत आहे की खिळ्याचा धातू म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी यांचं मिश्रण. शिसं एकटं मऊ पडतं, अँटिमनीने त्याला कडकपणा येतो आणि थंड होताना धातू फारसा आकसत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार राहते. मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला एवढंच ठाऊक, की हात धुतल्याशिवाय घासाला शिवायचं नाही." ते आजही जेवायच्या आधी दोनदा हात धुतात.

आबा शिकले सातवीपर्यंत. पण पंचक्रोशीत छापलं जाणारं सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. जुळाऱ्याला प्रत्येक अक्षर हातात घ्यावं लागतं, तेव्हा त्याला वरवर वाचताच येत नाही. मला हळू वाचायची सवय आहे. वर्गातली मुलं दोन पानं संपवतात तोवर माझं एक होतं. मला त्याचं वाईट वाटायचं; आता वाटत नाही.

घरात पुस्तकं फार नव्हती. पलंगाखालच्या ट्रंकेत बाबांच्या लहानपणचे 'किशोर'चे अंक होते. बालभारतीचं हे मासिक १९७१च्या नोव्हेंबरात सुरू झालं. आबांनी बाबांसाठी वर्गणी भरली होती आणि मी ते अंक बाबांच्या नंतर वीस-पंचवीस वर्षांनी वाचले. त्यातली कोडी बाबांनी पेन्सिलीने सोडवून ठेवलेली. काही चुकलेली होती. बाबा माझ्या वयाचे असताना कसे होते, हे मला त्या चुकांतून कळलं. दिवाळी अंक असला की तो जाड असायचा, आणि ट्रंक उघडताना मी आधी जाड अंकच शोधायचे.

आता कपाटाविषयी. माझ्या प्राथमिक शाळेत वर्गाच्या मागच्या भिंतीला एक हिरवं लोखंडी कपाट होतं. दाराला जाळी, आत पुस्तकं. कणे दिसायचे, नावं वाचता यायची. कपाटाला कायम कुलूप. मधल्या सुट्टीत मी डबा खाऊन जाळीशी उभी राहायचे आणि कण्यांवरची नावं वाचायचे. ती मला पाठ झाली होती.

२०१५पासून डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यातल्या शाळांत 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होऊ लागला. मी तेव्हा सातवीत होते. त्या दिवशी कपाट उघडलं. प्रत्येकाला एकेक पुस्तक मिळालं. मला 'फास्टर फेणे' मिळालं. भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा किडकिडीत बन्या, कुठल्याही संकटात सायकल दामटत घुसणारा. मी पान चाळीसच्या आसपास असताना घंटा झाली. फोटो काढून झाले होते. बाईंनी पुस्तकं गोळा केली, मोजली आणि कपाटाला कुलूप लागलं. पुढच्या ऑक्टोबरात मी दुसऱ्या शाळेत होते.

मला त्या बाईंचा राग खूप दिवस होता. यंदा त्यांना भेटल्यावर तो गेला. त्याचं कारण पुढे सांगते.

त्या दिवशी घरी येऊन मी रडले. आबांनी दुसऱ्या दिवशी मला गावातल्या वाचनालयात नेलं आणि बालविभागाची वर्गणी भरली. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा आहे. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. हे मला आता कळलं. तेव्हा एवढंच कळलं की इथल्या काकू स्वतः उठून पुस्तक काढून देतात आणि घरी नेऊ देतात. बन्याच्या गोष्टीचं चाळिसावं पान मी वाचनालयाच्या पायरीवरच उघडलं. नंतर पुण्यात शिकायला आले, तेव्हा स्वारगेटजवळ एका बसवर 'फुरसुंगी' अशी पाटी दिसली. मी ती बस जाईपर्यंत तिथेच उभी होते. ते गाव खरोखरच आहे, आणि तिथे बसने जाता येतं.

वाईबद्दल लोक सांगतात ते सात घाट, ढोल्या गणपती, सिनेमांचं शूटिंग. घाट मलाही प्रिय आहेत, पण मला त्यांचा उपयोग वेगळा झाला. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. ते अगदी नदीच्या काठाला आहे. दर पावसाळ्यात कृष्णा त्याच्या पायाशी येते, कधी वर चढते. देवळाच्या मागच्या भिंतीचा आकार माशासारखा निमुळता केलेला आहे, म्हणजे पुराचं पाणी भिंतीवर न आदळता दोन्ही बाजूंनी वाटून जातं. मी आठ-नऊ वर्षांची असताना पूर आला होता. आबांनी मला लांबून ती भिंत दाखवली. तपकिरी पाणी नेमकं त्या टोकापाशी फाटत होतं. "देव आत, पण अक्कल मागं आहे बघ," असं ते म्हणाले. एखादी गोष्ट अशीच का बांधली, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. यंदा त्याच जागी पाऊण तास बसले. पाणी कमी होतं आणि बायका कपडे धूत होत्या.

दगडांचं वेड मात्र भूकंपातून आलं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, चार वाजून गेले होते. आबा बावीस वर्षांचे होते. फडताळातली भांडी खाली आली, कुत्री ओरडायला लागली आणि सगळी आळी थंडीत रस्त्यावर आली. कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसं गेली. आबा ही हकिकत दर डिसेंबरात सांगायचे. आठवीत असताना मी विचारलं, "पण जमीन हलते कशानं?" आबा म्हणाले, "ते काकूंना विचार."

वाचनालयातल्या काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या खाली वाकल्या, सगळ्यांत खालच्या फळीवरून एक जाड खंड ओढून काढला, टेबलावर ठेवला आणि 'भूकंप' शोधायला सांगितलं. मराठी विश्वकोशाशी माझी ती पहिली भेट. अर्धंअधिक कळलं नाही. पण एका नोंदीत दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेलं असतं. तिथे जावं तर ती तिसरीकडे धाडते. भूकंपावरून खडक, खडकांवरून ज्वालामुखी, ज्वालामुखीवरून आपला सह्याद्री. आपण ज्या काळ्या दगडावर कपडे आपटतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला लाव्हा आहे, हे मला एका शनिवारी दुपारी कळलं. मी घरी पळत आले आणि ओट्याच्या दगडाला हात लावून उभी राहिले. आईला वाटलं काहीतरी लागलं.

हा विश्वकोश वाईतच तयार झाला. आमच्या घरापासून गंगापुरीतलं त्याचं कार्यालय चालत दहा मिनिटांवर आहे, आणि मी रोज त्यावरून शाळेत जायचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक. पहिला खंड १९७६ साली आला, विसावा २०१५ साली. शास्त्रीबुवा मूळचे खानदेशातल्या पिंपळनेरचे. लहान वयात शिकायला वाईच्या प्राज्ञपाठशाळेत आले आणि इथलेच झाले. इतकं मोठं काम मुंबई-पुण्यात न होता नदीकाठच्या एका तालुक्याच्या गावात झालं, याचं मला मोल वाटतं. आमच्या शाळेत ते कुणी सांगितलं नव्हतं. इमारतीच्या दारात एकदा नेऊन उभं केलं असतं तरी पुरलं असतं.

प्राज्ञपाठशाळेचं नाव निघालं की मला आणखी एक मुलगा दिसतो. या महिन्याभरात जे सापडलं त्यात सगळ्यांत मोलाचं हेच. १९१७ साली बावीस वर्षांचा एक तरुण गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईला आला. नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकायचा होता आणि प्रकृतीही सुधारायची होती. त्याचं नाव विनायक नरहर भावे. पुढे जग त्याला विनोबा म्हणून ओळखू लागलं. वर्ष संपत आल्यावर त्याने गांधीजींना पत्र लिहून आपल्या कामाचा हिशोब दिला. त्यात उपनिषदांचा अभ्यास आहे, गीतेचे वर्ग आहेत, आहाराचे प्रयोग आहेत, आणि एक वाचनालयही आहे. वाईत त्याने विद्यार्थी मंडळ काढलं होतं. मंडळाच्या वाचनालयाला पैसे हवेत म्हणून मुलं जात्यावर लोकांची दळणं दळत. पंधरा विद्यार्थी आणि तो स्वतः. दोन शेरांना एक पैसा. मिळालेला पैसा वाचनालयाला. अशा खटपटीतून चारशेच्या आसपास पुस्तकं जमली.

मी हे वाचलं आणि वही बंद केली. माझ्याच गावात, माझ्याच वयाच्या मुलाने, पुस्तकं मिळावीत म्हणून दळण दळलं होतं.

आमच्या परसात आजीचं जातं पालथं पडलेलं होतं. आबांना सांगून ते धुऊन घेतलं, खुंटा नवा ठोकला. बसायचं कसं, एक पाय लांब करून दुसरा दुमडायचा, हे शेजारच्या आजींनी दाखवलं. एका हाताने घास घालायचा, दुसऱ्याने खुंटा ओढायचा. एक किलो ज्वारी दळायला मला पाऊण तास लागला. पीठ जाडंभरडं आलं आणि तळहाताला दोन फोड आले. मग हिशोब मांडला. समजा पुस्तक आठ आण्यांचं. एका आण्याचे चार पैसे, म्हणजे बत्तीस पैसे. त्यासाठी चौसष्ट शेर दळण. एका पुस्तकामागे चौसष्ट शेर. तो जात्याचा दगडही आमचा काळा बसाल्टच.

शेजारच्या आजी बघत बसल्या होत्या. त्यांना मी विनोबांची गोष्ट सांगितली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दळताना आम्ही ओव्या म्हणायचो. तीच आमची पुस्तकं, पोरी." मग त्यांनी दोन ओव्या म्हटल्या आणि तिसरी आठवेना म्हणून उठून गेल्या.

मे महिन्यात एकदा पसरणीचा घाट चढून भिलारलाही गेले. शाहीर साबळ्यांचं पसरणी खाली राहतं, वर पाचगणी, आणि तिथून महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार. ४ मे २०१७ रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं, तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि आबा मला एसटीने घेऊन गेले होते. सुरुवातीला पंचवीस जागा होत्या. कुणाच्या घराची ओसरी, कुणाची पडवी, कुठे देऊळ. एका घरी बालसाहित्य, दुसरीकडे कादंबऱ्या, आणखी कुठे इतिहास. पुस्तकं आणि कपाटं शासनाने दिली, घर गावकऱ्यांनी दिलं. इंग्लंडजवळच्या वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली. पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत आणि इथे काहीच विकत नाहीत. यायचं, घ्यायचं, बसून वाचायचं. माझ्या मते भिलारचं काम जास्त अवघड आहे. रोज अनोळखी माणसं ओसरीवर येणार, पाणी मागणार, आणि घरातल्या बाईला स्ट्रॉबेरीच्या मळ्यातली कामंही उरकायची असतात.

यंदा गेले तेव्हा पर्यटक फोटो काढत होते आणि बरीचशी पुस्तकं जागची हललेली नव्हती. हे खरं आहे आणि ते लिहायला हवं. पण एका ओसरीवर सहावी-सातवीतला एक मुलगा जमिनीवर पालथा पडून वाचत होता. मी तासाभराने परत आले तेव्हाही तो तसाच होता, फक्त कूस बदलली होती. त्याच्यामागचं कपाट सताड उघडं होतं.

मी वाईत असतानाच, २० मेला, जयंत नारळीकर गेल्याची बातमी आली. माझ्या बालवाचनाचा तो दुसरा मोठा तुकडा. नववी-दहावीत मी त्यांच्या विज्ञानकथा काकूंकडून एकेक करून नेल्या होत्या. आपली पहिली विज्ञानकथा त्यांनी स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती, आणि स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. मी पोस्टकार्ड आणून ठेवलं होतं. प्रश्न कोणता विचारायचा ते ठरत नव्हतं. ते कोरं कार्ड 'किशोर'च्या ट्रंकेत आहे.

आता शाळेच्या बाईंबद्दल. त्या निवृत्तीला आल्या आहेत. मी कपाटाचा विषय काढला तेव्हा त्यांनी एक जुनं रजिस्टर दाखवलं. कपाटातलं प्रत्येक पुस्तक त्यात नोंदलेलं, आणि पुस्तक गहाळ झालं तर जबाबदारी ज्याच्या नावावर कपाट आहे त्या शिक्षकाची. एकदा अकरा पुस्तकं मुलांनी परत आणली नव्हती. बाईंनी ती स्वतःच्या पैशांनी भरून दिली. त्यानंतर कुलूप लागलं. "मला काय हौस होती का गं?" असं त्यांनी विचारलं, आणि मला उत्तर सुचलं नाही. जी व्यवस्था पुस्तक हरवल्याचा दंड मागते आणि पुस्तक न वाचल्याबद्दल कुणाला काहीच विचारत नाही, तिच्यात कुलूप लागणारच. दोष त्या व्यवस्थेचा आहे आणि ती बदलली पाहिजे. पण ती बदलेपर्यंत सातवीतलं मूल आठवीत जातं.

ती शिष्यवृत्ती मला मिळाली. कऱ्हाडजवळ हजारमाचीला कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाचे नमुने वर काढले. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा बसाल्ट, खाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक. पुढच्या वर्षीचा प्रकल्प त्या नमुन्यांवर करता यावा अशी माझी खटपट चालू आहे. आबांना मी सांगितलं, की तुमची भांडी कुठून हलली ते बघायला जाणार आहे.

शिष्यवृत्तीच्या पहिल्या हप्त्यातले दोन हजार रुपये मी पाकिटात घालून बाईंना दिले. हरवलेल्या पुस्तकांसाठी. जूनपासून दर गुरुवारी मधल्या सुट्टीत ते हिरवं कपाट उघडतं आणि पुस्तकं घरी जातात. आतापर्यंत चार परत आलेली नाहीत, आणि पाकिटात अजून पैसे आहेत.

दिवाळीला तुम्ही गावी जाल. सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत थांबता आलं तर तुमच्या जुन्या शाळेत एक चक्कर मारा आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना सांगा, की पुस्तकं मुलांना घरी द्या, हरवतील त्यांचे पैसे मी देईन.